घोडीने स्वतःहून तोंड उघडलं पाहिजे



वरातीच्या घोडीचा धंदा करायचा म्हणून आमच्या वर्गातल्या एका भावाने पांढरी घोडी घेतली. आरमोरीकडचा पोरगा, घरी थोडी धानाची शेती. घोडी देखणी, वय चार वर्षं, विकणारा म्हणाला 'एकदम शांत'. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होणार म्हणून यानं सहा लग्नांचा विसारही घेऊन ठेवला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, खरारा करू देते, पाठीवर बसू देते. पण लगाम दिसला की मान वर! घालायला तीन माणसं लागतात."

तीन माणसं म्हणजे पहिली वरात निघण्याआधीच दोन जणांची मजुरी खर्चात आली. ते एक वेळ चालेल. पण लगामाला घाबरणारी घोडी, समोर बँड, बाजूला फटाके आणि पाठीवर दुसऱ्याच्या घरचा नवरदेव, हे गणित करून बघा.

गावातल्या एकानं त्याला उपाय सांगितला होता, 'काटेरी लगाम घाल, आठ दिवसांत सरळ येते.' असा लगाम बाजारात मिळतो आणि सर्रास वापरला जातो, म्हणून स्पष्टच सांगतो. तो बेकायदेशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध 1960 चा कायदा आहे आणि त्याखाली गाडी ओढणाऱ्या व ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. काटे किंवा गाठी असलेला लगाम वापरायला त्यात सरळ मनाई आहे. शिवाय दुखण्यामुळे थांबणारी घोडी दुखण्यामुळेच उधळते, आणि ती कधी उधळेल हे तुमच्या हातात नसतं.

आपल्याकडे गोऱ्हा शिकवलेला सगळ्यांनी पाहिलाय. आधी वेसण, मग म्हाताऱ्या बैलासोबत जू. त्यामुळे लगाम म्हणजे घोड्याची वेसण असं आपण धरून चालतो आणि इथेच चूक होते. वेसण एकदा टोचली की कायम नाकातच राहते. लगाम रोज घालायचा आणि रोज काढायचा असतो. म्हणजे घोडीला रोज नव्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायची संधी मिळते. कालचा त्रास तिच्या लक्षात असला तर आज ती 'नाही'च म्हणणार.

मी काही घोडेवाला नाही, दुकानदार आहे. म्हणून पहिला सल्ला दिला तो दुकानदाराचाच, माल का परत येतोय ते आधी तपास. भाऊ घोडी घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी तोंडात बघितलं. वरच्या दाढांच्या पुढे एक छोटा जास्तीचा दात होता. बऱ्याच घोड्यांना तो असतो, आणि लगामाची कडी तिथे लागली की कळ येते. ओठाच्या कोपऱ्यात जुनी जखम भरल्याची खूणही होती. म्हणजे 'एकदम शांत' घोडीला आधी कोणीतरी चांगलंच ओढलं होतं. दात काढला, दाढांच्या धारदार कडा घासून घेतल्या. अर्धं काम तिथेच झालं.

उरलेल्या अर्ध्याला जवळजवळ तीन महिने लागले.

आधी घोड्याच्या तोंडाची रचना समजून घ्या. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बिनदाताची मोकळी हिरडी असते. कडी बसते तिथे, जिभेवरून. हिरडीची कातडी पातळ आणि खाली लगेच हाड. म्हणून सवाराच्या हाताचा छोटासा झटकाही तिला मोठा लागतो.

पहिले बारा दिवस लगाम खुंटीवरून काढलाच नाही. फक्त मोरकी. मोरकीवर चालायचं, थांबायचं, दोन पावलं मागे यायचं. दोरी हलकेच ताणायची आणि तिनं ऐकलं की त्याच क्षणी सैल सोडायची. सगळी विद्या या सैल सोडण्यात आहे. ताण पडल्याने घोडी शिकत नाही, ताण गेल्याने शिकते. आमच्या भावाला हेच जमत नव्हतं. ती थांबली तरी हा दोरी धरूनच! मग तिला कसं कळणार की आपण बरोबर केलं?

पुढे तोंडाला हात लावायची सवय. डाव्या बाजूला उभं राहायचं, उजवा हात दोन कानांच्या मागे ठेवायचा, मान खाली आली की हात उचलायचा. मान खाली येईपर्यंत पुढे जायचंच नाही. मग डाव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून त्या मोकळ्या हिरडीवर. तिथे दात नाहीत, चावायची भीती नाही. घोडी आपणच तोंड उघडते. उघडलं की अंगठा बाहेर आणि गुळाचा बारका खडा. गुळाचं एक सांगून ठेवतो, जास्त दिलात तर ती खिसे हुंगायला आणि बोटं चावायला शिकते. आमच्या भावाचा शर्ट गेला त्यात.

मग कडी. गुळगुळीत, मधे सांधा असलेली, लगाम न जोडता नुसती. पुसाच्या महिन्यात सकाळी लोखंड बर्फासारखं गार असतं, ते आधी तळहातात धरून कोमट करायचं. ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडेल इतकीच वर घ्यायची. दात खाजवल्यासारखी ती कडी चघळू लागली की समजा जमतंय. पाच मिनिटांत, ती वैतागायच्या आत, काढून घ्यायची. त्यानंतर लगाम जोडून जमिनीवरूनच चालवणं, आणि स्वार सगळ्यात शेवटी.

हे लाड नाहीत, बरं का! 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाज म्हणजे सवाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर घोड्याने चालणं, वळणं, थांबणं. त्या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगतात. पहिली लय, दुसरी अंगाचा सैलपणा, आणि लगामाशी जुळवून घेणं तिसऱ्या नंबरावर. आपण मात्र घोडी घरी आली की तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो.

आता पैशाचं बोलू. समजा चारा, खुराक, नाल, औषध मिळून दिवसाला 300 रुपये. 90 दिवसांचे 27,000, आणि कमाई शून्य. तुमचा आकडा वेगळा असेल, पण मांडायची रीत हीच. हा खर्च घोडीच्या किमतीतच धरा, नाहीतर बाराव्या दिवशी हात लगामाकडे जाणारच. आमच्या भावाने तो धरला नव्हता. सहापैकी चार लग्नांचा विसार त्याला परत करावा लागला. एका घरी तर शिव्या खाऊन आला. मला फोनवर म्हणाला, "सर, तुमच्या नादी लागून सीझन गेला." त्या रात्री मलाही झोप नव्हती, खोटं कशाला बोलू. उरलेली दोन लग्नं मात्र फेब्रुवारीतली होती आणि ती त्याने केली. घोडीसमोर महिनाभर आधी मोबाईलवर बँड वाजवून, आवाज रोज थोडा वाढवत. वरातीत लगाम धरायला एकटा तोच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. 1965 च्या नियमांप्रमाणे तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जनावर कामाला लावता येत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा सहज 45 च्या आसपास जातो. म्हणून विसार घेतानाच वेळ लिहून घ्या, सकाळची किंवा संध्याकाळची.

आणि घोडी अजून घ्यायचीच असेल, सारंगखेड्याच्या बाजारातून असो की जवळच्या कोणाकडून, तर विकणाऱ्याला म्हणा, "भाऊ, एकट्यानं लगाम घालून दाखवा." घालताना बघाच, पण काढताना जास्त बघा. जाणता माणूस वादी सैल करून थांबतो आणि घोडी मान खाली करून कडी आपणच सोडते. तो ओढून काढत असेल, कडी दातांवर आपटत असेल आणि घोडी मान झटकत असेल, तर किंमत ठरवताना ते तीन महिने मधे धरा.