अंध डिटेक्टिव्हचा मदतनीस कुठे गेला? : विषयापासून संशोधनप्रश्नापर्यंत

पीएचडीच्या पहिल्या वर्षी कुणी "विषय काय तुझा?" असं विचारलं, की मी लगेच सांगायचे, "अपंग डिटेक्टिव्ह असलेल्या रहस्यकथा." ऐकणारा म्हणायचा, "अरे वा, काहीतरी वेगळं आहे!" आणि मी खूश. माझ्या गाइड मॅडम मात्र खूश नव्हत्या. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर त्यांनी पेन्सिलीने एवढंच लिहून दिलं: "हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?"

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटच्या मुलाखतीची तयारी करत असाल. तिथे अडकायला होतं ते बहुतेक वेळा याच जागी. म्हणून आज माझाच विषय उदाहरणादाखल घेऊ. त्यातून प्रश्न कसा निघाला आणि मध्ये मी कुठे चुकले, ते सांगते.

आधी थोडी ओळख

अर्नेस्ट ब्रामा या इंग्रज लेखकाचा मॅक्स कॅरेडॉस 1913 मध्ये वाचकांसमोर आला आणि 1914 मध्ये त्याच्या कथांचं पहिलं पुस्तक निघालं. कॅरेडॉस अंध आहे. घोड्यावरून जाताना डोळ्याला फांदी लागली आणि त्यात त्याची दृष्टी गेली. पहिल्याच कथेत तो एक प्राचीन नाणं बोटांनी चाचपून ते बनावट असल्याचं सांगतो. वर्तमानपत्राचे मथळे बोट फिरवून वाचतो. डिंकाच्या वासावरून समोरच्याची मिशी खोटी आहे हे ओळखतो.

पुढे अमेरिकेत बेनार्ड केंड्रिकने कॅप्टन डंकन मॅक्लेन उभा केला. त्याची पहिली कादंबरी 1937 ची. मॅक्लेनची दृष्टी पहिल्या महायुद्धात गेलेली. 1967 ते 1975 या काळात टीव्हीवर व्हीलचेअर वापरणारा आयर्नसाइड गाजला. 1997 मध्ये जेफ्री डीव्हरच्या 'द बोन कलेक्टर' मधून लिंकन ऱ्हाइम आला. अपघातानंतर मानेखालचं त्याचं जवळजवळ सगळं शरीर हलत नाही, हलतं ते एक बोट. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 2013 पासूनच्या कादंबऱ्यांमधला कॉर्मरन स्ट्राइक आहे. अफगाणिस्तानात त्याने एक पाय गमावलाय.

यादी मोठी आहे आणि ती वाढवत नेणं सोपंही आहे. पण यादी म्हणजे संशोधन नव्हे. मी पहिले सहा महिने फक्त यादीच करत होते.

पहिला प्रश्न: चित्रण चांगलं की वाईट?

यादीतून बाहेर पडले ती थेट या प्रश्नावर. आपण सगळेच इथे येतो. "या कथांमध्ये अपंगत्वाचं चित्रण सकारात्मक आहे का?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'थोडं थोडं' इथेच संपतं. तीनशे पानांचा प्रबंध त्यावर उभा राहत नाही.

अपंगत्व-अभ्यासात याच्या पुढे जाणाऱ्या दोन संकल्पना आहेत, त्या समजून घ्या. एक म्हणजे 'सुपरक्रिप'. अपंग माणूस सामान्य असून चालत नाही, त्याच्याकडे काहीतरी अचाट शक्ती असलीच पाहिजे, असा हा साचा. दुसरी संकल्पना डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी 2000 साली पुस्तकरूपात मांडली: 'नॅरेटिव्ह प्रोस्थेसिस'. आपल्या भाषेत सांगायचं तर गोष्टीची कुबडी. गोष्ट चालायला अपंगत्वाच्या कुबडीचा आधार घेते, पण अपंग माणसाच्या प्रत्यक्ष जगण्याकडे, त्याच्या सामाजिक प्रश्नांकडे बघतही नाही.

मी या दोन्ही संकल्पना कॅरेडॉसला चिकटवल्या, एक पेपर लिहिला आणि आमच्या वाचनगटात झोकात सादर केला.

जिथे माझा पेपर अडला

गटात माझी एक मैत्रीण आहे. ती अंध आहे आणि स्क्रीन रीडरवर वाचते. (तिला विचारूनच हे लिहितेय.) माझं संपल्यावर ती म्हणाली, "एमएच्या एका पेपरला माझा लेखनिक आयत्या वेळी आलाच नाही. जो बदली मिळाला, त्याला विषयाचे शब्दच लिहिता येईनात. मी तक्रार केली तर तिथले एक सर काय म्हणाले माहितीये? 'तुम्हा लोकांची स्मरणशक्ती तर दांडगी असते, होईल मॅनेज.' त्या सरांनी कॅरेडॉस वाचला नसणार. पण ब्रामाने जी गोष्ट ऐकली होती, तीच त्यांनीही ऐकली होती."

मग तिने विचारलं, "तुझ्या या कॅरेडॉसचा लेखनिक कोण आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर पुस्तकात होतं, मीच ते ओलांडून गेले होते. त्याचं नाव पार्किन्सन. हा कॅरेडॉसचा नोकर. त्याची निरीक्षणशक्ती कॅरेडॉसने मुद्दाम तयार करून घेतलीये. एकदा पाहिलेला माणूस तो बारीकसारीक तपशिलांसकट सांगू शकतो. माझ्या वीस पानी पेपरमध्ये पार्किन्सन एका तळटीपेत होता.

एक गोष्ट स्पष्ट करते. एक इंद्रिय गेलं की बाकीची आपोआप तल्लख होतात, ही समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्षात गरज आणि सराव यांतून काही कौशल्यं धारदार होतात. ती मेहनत असते, वरदान नव्हे. आपल्याकडे 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, तेव्हा अपंग-हक्क चळवळीतल्या अनेकांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता. दिव्यत्व बहाल केलं की रॅम्प, लेखनिक, ब्रेल यांची मागणी मागे पडते, ही त्यांची भीती. वरच्या सरांचं वाक्य पुन्हा वाचा, म्हणजे ती भीती कळेल.

प्रश्न बदलला

आता माझा प्रश्न असा झाला: *या कथांमध्ये गुन्हा उकलणारी माहिती नक्की कुणाच्या श्रमातून येते, आणि श्रेय कुणाला मिळतं?*

फरक बघा. आता मला पात्राला मार्क द्यायचे नाहीत, प्रत्येक प्रसंग तपासायचाय. आणि तपासलं की तिन्ही डिटेक्टिव्ह वेगळे निघतात.

कॅरेडॉसकडे वारशाने आलेली मोठी संपत्ती आहे, त्यामुळे मदत ही विकत घेतलेली, पगारी गोष्ट. ती कथेत असते, पण झगमगाट बोटांचा आणि नाकाचा.

मॅक्लेनची गोष्ट निराळी. केंड्रिकला कॅरेडॉसच्या करामती पटत नव्हत्या. खऱ्या अंध माणसाला जमणार नाही असं काही मॅक्लेनने करायचं नाही, हा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसोबत त्याने कामही केलं. मॅक्लेनची मदत उघड दिसते: भागीदार, सेक्रेटरी, आणि दोन कुत्रे, त्यातला एक वाट दाखवणारा आणि दुसरा रक्षण करणारा.

ऱ्हाइमकडे येताना मदत हाच कादंबरीचा कणा होतो. घटनास्थळी पाऊल टाकते ती अमेलिया सॅक्स. पुरावा तिच्या हाताला लागतो, अर्थ ऱ्हाइम लावतो. त्याची रोजची काळजी घेणारा टॉम नावाचा सहायकही पानोपानी आहे. त्याच वेळी हेही विसरू नका, की पहिल्या कादंबरीत ऱ्हाइमला मरायचंय. म्हणजे मदत दिसते, पण अपंग आयुष्य जगण्यालायक नाही ही समजूतही तिथेच बसलेली आहे. एकाच पुस्तकात दोन्ही. 'सकारात्मक की नकारात्मक' विचारलं असतं तर हे हातातून निसटलं असतं.

"पण वॉटसनही मदतनीसच ना?"

मुलाखतीत हा प्रश्न येणारच. प्रत्येक डिटेक्टिव्हला जोडीदार असतो, मग तुमच्या निष्कर्षात नवीन काय?

मी यासाठी एक साधी चाचणी वापरते: वगळून पाहा. होम्सच्या बहुतेक कथांमधून वॉटसन काढला तर गोष्ट सांगायला कुणी उरत नाही, पण गुन्हा सुटतो. सॅक्स काढली तर गुन्हाच सुटत नाही. पार्किन्सनला काही कथांमधून सहज काढता येतं, काहींमधून नाही. कोणत्या कथांमधून नाही, याची नोंद करायला लागलात की तुमच्या हातात निरीक्षण येतं, नुसतं मत नव्हे.

आपल्या विरोधातला सर्वांत ताकदवान मुद्दा स्वतःच शोधून ठेवा. परीक्षकाने तो मांडेपर्यंत थांबू नका.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

पहिली, व्याप्ती ठरवा. आपल्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. व्याख्या बदलली की तुमची यादीही बदलते. मी शारीरिक आणि दृष्टीसंबंधी अपंगत्वापुरतंच काम करते, आणि ते का, हे पहिल्या प्रकरणात लिहिलंय.

दुसरी, संकल्पना चिकटवू नका. 'हे सुपरक्रिप आहे' इथे वाक्य संपत असेल तर विचारही तिथेच संपलाय. पुढे 'म्हणून कथेत काय दिसेनासं होतं?' हे विचारा.

तिसरी, ज्यांच्याबद्दल लिहिताय ते तुमचे वाचकही आहेत, हे धरून चला. माझा पेपर सुधारला तो मैत्रिणीच्या कहाणीमुळे कमी, तिच्या वाचनामुळे जास्त. तिने मला उदाहरण पुरवलं नाही, माझ्या मांडणीतली चूक काढली.

तो पेपर मी पुन्हा लिहिला. पार्किन्सन तळटीपेतून उठून पहिल्या परिच्छेदात आलाय. पान बघून मॅडमनी पुन्हा पेन्सिल उचलली आणि लिहिलं, "आता प्रश्न दिसतोय. उत्तर शोधा."

तुमच्या विषयाचं एक वाक्य कागदावर लिहा. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता येतंय का, बघा. येत नसेल तर तुमच्या विषयातला पार्किन्सन कोण आहे, तिथून सुरुवात करा.