एगलेस म्हणजे व्हीगन नव्हे हं!

हॉस्टेलवर रात्री बाराला केक कापला जातो, तेव्हा एक जण हमखास मागे उभा असतो. फोटो काढायचं काम त्याने स्वतःहून घेतलेलं असतं. ‘डाएटवर आहे रे’ म्हणत तो आपली प्लेट पुढे सरकवतो. खरं कारण असतं दूध. कुणाला दुधाची अ‍ॅलर्जी असते, कुणाला लॅक्टोज पचत नाही, कुणी प्राण्यांचा विचार करून व्हीगन झालेलं असतं. प्रत्येक बड्डेला हे सगळ्यांना समजावत बसण्यापेक्षा डाएटची थाप सोपी पडते. आमच्या वर्गातली एक मैत्रीण वर्षानुवर्षं हेच करत आली. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. तिच्या एकविसाव्या बड्डेला आम्ही ठरवलं, पहिला तुकडा तिलाच.

बेकरीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘एगलेस आहे ना!’ पण एगलेसमध्ये अंड्याची जागा बऱ्याचदा दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घेतं. म्हणजे तिच्यासाठी डबल धोका. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, दूध त्यात चालतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम आणले, चिन्हही वेगळं आहे. पण अ‍ॅलर्जी असेल तर त्यावरही थांबू नका. पाकिटामागचं ‘मे कंटेन मिल्क’ वाचाच. डार्क चॉकलेटच्या पाकिटांवरही ते सापडतं. म्हणून आम्ही चॉकलेट सोडलं आणि लेबल तपासून साधी कोको पावडर घेतली.

केकऐवजी ब्राउनी का? केक फुगला नाही तर तोंड पडतं. ब्राउनी मुळातच बसकी आणि दाट, त्यामुळे अंडं नसल्याची चुगली ती करत नाही. बांधून ठेवायचं काम जवस करतं. हो, तेच चटणीवालं जवस! एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट होते. (विदर्भातल्या रूममेटच्या डब्यात जवस सापडतंच. फक्त चटणी उचलू नका, तिच्यात लसूण असतो.)

आता प्रमाण. एक वाटी मैदा, एक वाटी पिठीसाखर, सहा मोठे चमचे कोको, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून घ्या. अर्धी वाटी गरम कोऱ्या कॉफीत अर्धी वाटी तेल आणि भिजलेलं जवस मिसळून त्यात ओता. कॉफीची चव वेगळी लागत नाही, कोको मात्र गडद लागतो. तेल सूर्यफुलाचं घ्या, शेंगदाण्याच्या तेलाचा वास लपत नाही. बटर थंडीत घट्ट होतं, तेल होत नाही, त्यामुळे ब्राउनी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मैदा दिसेनासा झाला की ढवळणं बंद. जास्त घोटलं की चिवट होते.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं. नसेल तर जाड कढईत मीठ पसरा, वर स्टँड, त्यावर डबा, झाकण लावून दहा मिनिटं आधी तापवा आणि मग मंद आचेवर साधारण ४० मिनिटं. आधी कुणी त्या डब्यात बटर लावून केक केला असेल तर तो साबणाने नीट घासा, अ‍ॅलर्जीवाल्याला तेवढंही पुरतं. टूथपिकला थोडा ओलसर चुरा चिकटला की गॅस बंद. ती कोरडी निघेपर्यंत थांबलात तर ब्राउनीचा केक होतो.

गरम असताना सुरी लावायचा मोह होतोच, पण तेव्हा ती तुटते. पूर्ण गार व्हायला दोन तास तरी द्या. बाराला कापायची असेल तर कढई आठला चढवा.