विजेच्या मोटारींतील दूरध्वनी

मलकापुराहून बुलढाण्यास येणारी सडक मोताळ्याच्या पुढें राजूरच्या घाटांत शिरते. घाट चढतांना विजेवर चालणाऱ्या मोटारीचा मालक बहुधा एकाच आंकड्याकडे पाहत असतो. बॅटरींत किती वीज उरली, एवढेंच त्याला हवें असतें. पण त्याच पडद्याच्या कोपऱ्यांत पुष्कळ मोटारींत आणखी एक खूण असते, चढत्या उंचीच्या चार-पांच रेघांची. डोंगर आड आला म्हणजे त्यांतील एक-दोन रेघा मावळतात, वळण ओलांडलें कीं पुन्हां उगवतात. ही खूण मालकाच्या खिशांतील मोबाईलची नव्हे, मोटारीच्या स्वतःच्या दूरध्वनीची असते. मोटार घेतांना बॅटरीविषयीं दहा प्रश्न विचारणारा गृहस्थ या दूरध्वनीविषयीं सहसा एकही विचारीत नाहीं, आणि पुढें दहा-बारा वर्षांनीं अडचण उद्भवते ती येथेंच.

हा दूरध्वनी म्हणजे मोटारीच्या अंतर्भागांत दडवून बसविलेली एक लहान पेटी. तिच्यांत बिनतारी लहरी पाठविणारें व घेणारें यंत्र असतें, उपग्रहांवरून स्वतःचें ठिकाण ओळखणारें यंत्र असतें आणि एक सिम असतें. हें सिम मोबाईलमधल्याप्रमाणें काढतां-घालतां येत नाहीं; बहुधा तें डाख देऊन कायमचें जोडलेलें असतें. यंत्रांनीं यंत्रांशीं बोलावें यासाठीं भारतांत १ जुलै २०१८ पासून तेरा आंकडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. माणसाला दहा आंकडे पुरतात, यंत्राला तेरा लागतात!

आतां या दूरध्वनीचें काम कसें चालतें तें पाहावें. वैशाखांतील दुपार आहे, खामगांवच्या एखाद्या घराच्या अंगणांत मोटार तापून उभी आहे. मालक ओसरीवर बसून मोबाईलवर बोट ठेवतो आणि आंतील वातानुकूलन सुरू करण्याची आज्ञा देतो. मोटार दहा पावलांवर आहे. पण आज्ञा त्या दहा पावलांतून जात नाहीं. ती प्रथम गांवच्या टॉवरकडे जाते, तेथून मोटार-कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे. सर्व्हर मालकाची ओळख पटवितो, मग टॉवरमार्फत मोटारीच्या पेटीला जागें करतो, आणि त्यानंतर पंखा फिरूं लागतो. या साखळीचा एक दुवा जरी निखळला, तरी अंगणांतील मोटार बहिरी होते.

पेट्रोलच्या मोटारीला ही सोय नसली तरी फारसें अडत नाहीं. टाकी पांच मिनिटांत भरते. विजेच्या मोटारीला घरच्या जोडणीवर रात्रभर वीज प्यावी लागते. मध्यरात्रीं वीज गेली आणि पहाटे मोटार अर्धीच भरलेली निघाली, तर नागपूरचा प्रवास खोळंबतो. मोटारीनें तेवढें रात्रींच कळविलें तर उपाय करतां येतो. म्हणून विजेच्या मोटारीच्या बाबतींत हा दूरध्वनी केवळ चैनीची वस्तु मानतां येत नाहीं.

अडचण अशी कीं मोटार पंधरा वर्षें चालते आणि दूरध्वनीची पिढी त्याहून लवकर बदलते. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें. पुढें २००८ च्या अखेरीस तिसरी पिढी आली, २०१२ सालीं चौथी आली, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पांचवीचें उद्घाटन झालें. बिनतारी लहरींचा पट्टा शेतजमिनीसारखा मर्यादित आहे. कपाशी उपटल्याखेरीज त्याच वाफ्यांत हरभरा पेरतां येत नाहीं. तद्वत् नव्या पिढीला जागा देण्यासाठीं कंपन्या जुनी पिढी उपटून टाकतात. एअरटेलनें २०२० च्या सुमारास आपली तिसरी पिढी बंद केली, मात्र दुसरी ठेवली. जिओनें तर दुसरी-तिसरी कधीं पेरलीच नाहीं.

भारतांत विजेच्या मोटारी घरोघर दिसूं लागल्या त्या अलीकडे. पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्यें बाजारांत आली. त्यामुळें येथील मालकांना या बदलाची झळ अद्याप फारशी लागलेली नाहीं. अमेरिकेंतील मालकांना मात्र ती दोनदां लागली. निसान कंपनीची लीफ ही मोटार तेथें २०१० च्या अखेरीस विकली जाऊं लागली. तिच्यांतील पेटी दुसऱ्या पिढीची होती. एटी अँड टी या कंपनीनें २०१६ च्या अखेरीस ती पिढी बंद केली. ज्यांना जुनी सोय हवी होती, त्यांनीं १९९ डॉलर मोजून तिसऱ्या पिढीची पेटी बसवून घेतली. आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजीं त्याच कंपनीनें तिसरी पिढीही बंद केली! पांच वर्षांच्या सोयीसाठीं दिलेले ते पैसे होते, हें त्या मालकांना मागाहून कळलें. टेस्लाच्या आरंभींच्या मॉडेल एस मोटारी तिसऱ्या पिढीच्या होत्या. त्यांच्या मालकांना सुमारें २०० डॉलरांत थेट चौथ्या पिढीची पेटी घेतां आली, हा सौदा त्या मानानें शहाणपणाचा.

पेटी बदलणें हें काम बाजारांतल्या मेकॅनिकला साधेल असें नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. नवी पेटी जुन्या खोबणींत बसली पाहिजे, तिची भाषा मोटारीच्या इतर यंत्रांना समजली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे तिची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर त्याच मोटारीच्या चेसिस-क्रमांकाशीं व्हावी लागते. ही किल्ली कंपनीच्या हातीं असते. कंपनीनें त्या जातीसाठीं नवी पेटी काढलीच नाहीं, तर मालकाजवळ पैसे असूनही उपयोग नाहीं. मोबाईलवरून मोटारीला इंटरनेट पुरविण्याची युक्ति पुष्कळजण करतात. नकाशे व गाणीं यांपुरती ती ठीक आहे; परंतु मालक मोबाईल घेऊन घरांत गेला कीं मोटार पुन्हां एकटी पडते.

मग आज घेतांना पांचव्या पिढीचा आग्रह धरावा काय? बॅटरीची टक्केवारी, कुलूप, पंखा यांचे निरोप इतके लहान असतात कीं चौथी पिढी त्यांना पुरून उरते. मोठा बोजा असतो तो मोटारीच्या प्रणालींतील सुधारणा उतरवून घेण्याचा, आणि तो कांहीं मोटारींत घरच्या वायफायवरही हलका करतां येतो. वेगाचें आकर्षण येथें गैरलागू आहे. विचारावयाचें तें हें, कीं पेटी वेगळी काढून बदलतां येते काय, किती वर्षें सेवा मिळेल, आणि फुकट मुदत संपल्यावर वार्षिक आकार किती. आणि तें उत्तर लेखी घ्यावें. जुनी मोटार घेणाऱ्यानें तर दूरच्या आज्ञेनें कुलूप उघडून दाखवावयास सांगावें.

कुलुपापेक्षां गंभीर गोष्ट संकटसमयींच्या बटणाची आहे. युरोपांत ३१ मार्च २०१८ पासून नव्या जातीच्या मोटारींत अपघात होतांच स्वतः मदत मागणारी योजना सक्तीची झाली, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर उभी होती. अशा पिढ्या बंद झाल्या म्हणजे बटण जागच्या जागीं राहतें, त्यावरचें चित्रही राहतें. पलीकडे कोणी नसतें. मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धि महामार्गावर रात्रीं प्रवास करणाऱ्यानें आपल्या मोटारींत असें बटण आहे काय, आणि तें मोटारीच्या पेटीवर चालतें कीं खिशांतील मोबाईलवर, एवढें तरी निघण्यापूर्वीं माहीत करून घ्यावें.

ब्रिटनमध्यें निसाननें २०१६ पूर्वीं बनलेल्या लीफ मोटारींची मोबाईलवरील सोय १ एप्रिल २०२४ पासून बंद केली. त्या मोटारी चालत राहिल्या. वीज भरण्याची वेळ पडद्यावरील घड्याळांत लावतां येते. बॅटरी किती भरली हें पाहण्यासाठीं मात्र मालकाला थंडीवाऱ्यांत मोटारीपर्यंत चालत जावें लागतें.