फोटोवाल्यांचा गणवेश : ओळख पटावी, नजरेत भरू नये

मंगलाष्टकांची वेळ जवळ आलेली असते. फोटोग्राफरबरोबर आलेला एक पोरगा लाइटचा स्टँड धरून मंडपाच्या कोपऱ्यात उभा असतो. तेवढ्यात कुणी वडीलधारे त्याला फर्मावतात, "अरे, इकडे पाणी आण ना!" पोरगा गोंधळतो. जेवायला बसावे, तर "तू कुणाकडचा रे?" हा प्रश्न ठरलेलाच. मालकाच्या गळ्यात कॅमेरा असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. ओळखीची खरी गरज असते ती या मदतनिसाला.

चार-पाच जणांच्या चमूने गणवेश करायचा म्हटले, की अनेकांना आधी जाहिरात सुचते. पाठीवर स्टुडिओचे भलेमोठे नाव आणि खाली फोन नंबर! पण लग्नात दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. एकाची पाठ दुसऱ्याच्या फोटोत येतेच. मग सप्तपदीच्या फोटोतही स्टुडिओची पाटी झळकते. अल्बम त्या कुटुंबाचा असतो, स्टुडिओचा नव्हे. तेव्हा नाव लहान असावे आणि छातीवर किंवा बाहीवर असावे.

रंग कोणता?

या व्यवसायात काळा रंग सोयीचा मानतात, कारण तो प्रकाश फारसा परतवत नाही. भडक लाल शर्ट घालून जवळून फोटो काढला, तर त्याची झाक समोरच्याच्या चेहऱ्यावर पडू शकते. पांढरा शर्ट आरशात, चांदीच्या ताटात उमटतो. मात्र मंगलकार्यात काळा रंग आजही कित्येक मराठी घरांना रुचत नाही; तो संक्रांतीलाच शोभतो. यजमानांच्या देवघरापर्यंत ज्यांना जायचे, त्यांनी त्यांचे मन राखावे. गडद राखाडी किंवा नेव्ही ब्लू हा दोघांनाही मानवणारा मार्ग आहे.

कापड आणि नाव

टी-शर्टच्या कापडाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात. कॉलरच्या टी-शर्टला २०० ते २२० जीएसएमचे कापड अंगावर नीट बसते. निव्वळ सुती कापड घाम टिपते, पण उशिरा वाळते. पॉलिएस्टर झटकन वाळते, पण उकाड्यात नकोसे होते. म्हणून दोन्हींचे मिश्रण बरे.

नाव मशीनच्या भरतकामात टिकाऊ होते. मात्र पातळ कापड त्याने आक्रसते आणि बारीक अक्षरे गिचमिड होतात. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. त्यामुळे दहा-बारा कपड्यांवर रंगीबेरंगी चिन्ह महागात पडते. एका रंगात भागवावे. छापलेला कपडा उलटा करून धुवावा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये.

आधी एकच नमुना करून घ्यावा. तो घालून वाकावे, उकिडवे बसावे, हात उंच करून पाहावे. पाठ उघडी पडत असेल, तर लांबी वाढवावी. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकवून आरशात पाहावे. नाव पट्ट्याखाली झाकले जात असेल, तर जागा बदलावी. चमूतील महिलांना पुरुषी मापाचा लहान आकार देऊन वेळ मारून नेऊ नये. त्यांची मापे वेगळी घ्यावीत.

हळद, सीमांत पूजन, लग्न, स्वागत समारंभ असे कार्यक्रम लागोपाठ असतात. प्रत्येकी तीन जोड हवेतच. चौघांचे बारा झाले, तर वर दोन जास्तीचे एकदमच घ्यावेत. नंतर घेतलेल्या कापडाची छटा बहुधा जुळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून हे काम दिवाळीपूर्वीच उरकावे.

आणि एक पथ्य. गणवेशाचे पैसे मदतनिसाच्या मजुरीतून कापू नयेत. हंगामात माणसे बदलतात, म्हणून वेल्क्रोने लावता येणाऱ्या कापडी नावपट्ट्या कराव्यात. स्टुडिओच्या नावाखाली प्रत्येकाचे स्वतःचे नाव असावे, मालकाच्या आणि मदतनिसाच्या अक्षरांचा आकारही एकच असावा. मग कोपऱ्यातल्या त्या पोराला कुणी "अरे, ए" म्हणणार नाही. नाव वाचून हाक मारील, आणि जेवायलाही बोलावील.