अंकांची सही : सातबारा ते बिटकॉइन

रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ घरांचे एक पाऊल मुंबईत असते. कलमांची बाग लांज्यात किंवा राजापुरात, खातेदार डोंबिवलीत, आणि एकाच उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची दहा-वीस नावे, हा येथील नित्याचा अनुभव. अशा खातेदारास कर्जासाठी वा खरेदीखतासाठी सातबारा हवा असला, की पूर्वी रजा काढून गावी जावे लागे. तलाठी सजेवर नसले तर तोही हेलपाटा फुकट जाई. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि १५ रुपये शुल्क भरून तो घरबसल्या काढता येऊ लागला. त्यावर शाईची सही नाही. मग तो खरा कशावरून? जुनी माणसे हा प्रश्न विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

ही सही म्हणजे हस्ताक्षराचे छायाचित्र नव्हे. उताऱ्यातील सर्व मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून प्रथम त्याचा एक छोटा अंकीय ठसा काढला जातो. क्षेत्रात एका गुंठ्याचा फरक केला तरी हा ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. सही करणारा अधिकारी या ठशावर आपल्या खासगी किल्लीने दुसरी क्रिया करतो. तिचे उत्तर हीच सही. खासगी किल्लीची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली सर्वांना खुली असते. तिच्या साहाय्याने सही तपासता येते, करता मात्र येत नाही.

हे कसे शक्य आहे? ८९ आणि ९७ यांचा गुणाकार शाळकरी मुलगाही करील. परंतु नुसता ८६३३ हा आकडा देऊन तो कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे, असे विचारले तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागेल. प्रत्यक्षात असे गुणाकार सहाशेहून अधिक अंकी असतात व ते उलगडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. दोन किल्ल्यांची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ साली मांडली. गुणाकाराची ही युक्ती रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी पुढच्याच वर्षी शोधली. भारतात अशा सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये मान्यता मिळाली.

२००९ साली सुरू झालेले बिटकॉइन हे कूटचलन याच तत्त्वावर चालते. तेथील गणित वेगळ्या प्रकारचे आहे, इतकेच. पूर्वी मिळालेली कोणती रक्कम कोणत्या पत्त्यावर द्यायची, हे लिहून धारक त्यावर खासगी किल्लीने सही करतो. जगभरचे हजारो संगणक ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतात. वाटेत कोणी रक्कम वा पत्ता बदलला, तर सही जुळत नाही आणि व्यवहार फेटाळला जातो. मात्र तीच रक्कम धारकाने आधी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही ना, हे एकट्या सहीवरून कळत नाही. त्यासाठी ब्लॉकचेन ही सर्वांसमोर उघडी असलेली नोंदवही असते. गावच्या फेरफार नोंदवहीशी तिचे साम्य आहे : एकामागून एक फेरफार वाचत गेले, की आज मालक कोण हे ठरते.

साम्य येथे संपते. अमुक किल्ली अमुक अधिकाऱ्याचीच, याची ग्वाही शासनाचा परवाना असलेली प्रमाणन संस्था देते. किल्ली हरवली किंवा चोरीस गेली, तर तिचे प्रमाणपत्र रद्द करता येते. बिटकॉइनमध्ये असा कोणीही नाही. ज्याच्या हाती किल्ली, तोच मालक. किल्ली हरवली तर रक्कम कायमची अडकली. चोराने तिने सही केली, तर तो व्यवहारही बिनचूक म्हणून मंजूर होतो. गुंतवणुकीच्या आमिषाने कोणी ही किल्ली किंवा तिचे परवलीचे शब्द मागत असेल, तर त्याचा हेतू उघड आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर भारतात ३० टक्के कर लागू झाला, पण कर लागतो म्हणून ते देशाचे वैध चलन ठरत नाही.

सातबाऱ्याच्या सहीलाही मर्यादा आहे. अभिलेखात जे आहे ते अधिकाऱ्याने प्रमाणित केले व नंतर कोणी बदलले नाही, एवढेच ती सांगते. आजोबांच्या पश्चात वारसनोंद राहून गेली असेल, तर मृताचे नावही तितक्याच निर्दोष सहीनिशी बाहेर पडेल. शिवाय सही असते ती संगणकातील दस्तऐवजात. कागदावर छापलेली असते ती केवळ तिची खूण, आणि खूण कोणालाही छापता येते. म्हणून जमीन घेणाऱ्याने, दलालाने आणून दिलेली छापील प्रत कितीही नीटनेटकी दिसली, तरी तिच्यावरील पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून मूळ उतारा पडद्यावर आणावा आणि गट क्रमांक, क्षेत्र व खातेदारांची नावे ओळीने ताडून पाहावीत.