वाटून घेतलेला प्रोसेसर आणि उत्तराचा वेळ

एका प्रोसेसरचे दोन वाटेकरी झाले की प्रत्येकाचे काम निम्म्या वेगाने होईल, असे गणित संगणकाच्या वर्गात सहज मांडले जाते. मेनफ्रेमच्या कपलिंग फॅसिलिटीत मात्र हे गणित साफ चुकते.

आयबीएमने १९९४ मध्ये पॅरलल सिस्प्लेक्स ही रचना आणली. तीत अनेक मेनफ्रेम प्रणाली एकच डेटाबेस एकाच वेळी वापरू शकतात. बँकेतील एखाद्या खात्याची नोंद एक प्रणाली बदलत असताना दुसरीने तिला हात लावू नये, म्हणून नोंदीला कुलूप घालावे लागते. या कुलपांचा सामाईक हिशेब कपलिंग फॅसिलिटी ठेवते. मागणी आल्यावर तिचे प्रत्यक्ष काम काही मायक्रोसेकंदांत उरकते. अशा मागणीचे उत्तर येईपर्यंत मागणाऱ्या बाजूचा प्रोसेसर बहुधा तसाच ताटकळत राहतो. म्हणजे तिकडे उशीर झाला की इकडचीही शक्ती वाया जाते. उशीर फार होऊ लागला तर झेड/ओएस ही प्रणाली मागणी पाठवून दुसऱ्या कामाला लागते. परंतु त्या अदलाबदलीलाही खर्च पडतो.

खरी अडचण फॅसिलिटीच्या एका सवयीत आहे. निरोप आला का, हे ती सतत पाहत राहते. स्वतःचा प्रोसेसर असेल तर ही सवय उत्तमच. पण खर्च वाचवण्यासाठी प्रत्यक्ष व्यवहारांची एक आणि चाचणीची एक, अशा दोन फॅसिलिटी एकाच प्रोसेसरवर ठेवल्या तर काय होते? प्रत्येकीला एका पाळीत साधारण १२.५ ते २५ मिलिसेकंद मिळतात. चाचणीच्या फॅसिलिटीकडे काम नसले तरी ती नुसती वाट पाहत आपली पाळी पूर्ण करते. तेवढ्यात दुसरीकडे आलेले १० मायक्रोसेकंदांचे काम २५,००० मायक्रोसेकंदांपर्यंत अडकू शकते. वेग निम्मा होणे दूरच राहिले! वाट्याचे वजन वाढवून प्रतीक्षा कमी होते, पण संपत नाही.

यावर पहिला उपाय असा होता की, काम नसलेल्या फॅसिलिटीने ठराविक वेळेचा गजर लावून प्रोसेसर सोडून द्यावा. शेजारणीला याचा फायदा झाला. मात्र सोडणारीसाठी निरोप आला तर तो गजर होईपर्यंत पडून राही. म्हणून ही सोय चाचणीच्याच फॅसिलिटीला शोभणारी होती. २०१३ मध्ये थिन इंटरप्ट आले आणि गजराची जागा दारावरच्या घंटेने घेतली. निरोप पोहोचताच हार्डवेअर इशारा देते, फॅसिलिटीला प्रोसेसर मिळतो, काम संपताच ती तो सोडते. झेड१५ यंत्रावर वाटून घेतलेल्या प्रोसेसरसाठी हीच मूळ निवड ठरली, आणि २०२२ च्या झेड१६ वर तर दुसरा पर्यायच उरला नाही.

तरीही घंटा वाजल्यावर प्रोसेसर हाती येण्यास थोडा वेळ जातोच, आणि शेजारीण खरोखर कामात असेल तर थांबावे लागते. जिथे व्यवहारांचा ओघ मोठा आहे तिथे स्वतंत्र प्रोसेसर देणे हेच शहाणपणाचे.

दोष कुठे आहे हे आरएमएफच्या अहवालात दिसते. त्यात लॉजिकल प्रोसेसर किती नेमले आणि परिणामी किती मिळाले, हे दोन आकडे शेजारी असतात. नेमलेले २ आणि मिळालेला १ पेक्षा कमी, शिवाय प्रतिसादाच्या वेळेचे प्रमाण विचलन सरासरीहून बरेच मोठे, असे आढळले तर काम जड नसून पाळीची वाट पाहिली जात आहे असा संशय प्रथम घ्यावा.