सी ड्राइव्ह भरली: काय पुसायचं, काय नाही

२५६ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज २३८ जीबीच दाखवते. यात फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. या जागेतच विंडोज, सगळे प्रोग्रॅम आणि आपले फोटो राहतात. ती भरत आली की अपडेट अडतात, मशीन रखडतं आणि आपण दिसेल ते मोठं फोल्डर पुसायला निघतो. धोका तिथेच आहे.

दिसतं तेवढं मोठं नसतं

विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘विनएसएक्सएस’ नावाचं एक अवाढव्य फोल्डर सापडतं. ते पुसू नका. फाइलचा मजकूर आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्कवर मजकूर एकदाच असतो, पण त्याला दोन ठिकाणी दोन नावं देता येतात. याला हार्ड लिंक म्हणतात. पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असलं, तरी माणूस एकच असतो. एक्सप्लोरर मात्र दोन्ही नावं मोजून बेरीज फुगवतो. त्यामुळे हे फोल्डर पुसून अपेक्षेपेक्षा कमी जागा मिळते आणि विंडोज मोडते ते वेगळंच.

दुसरी लपलेली फाइल हायबरनेशनची. मशीन झोपवताना मेमरीतला मजकूर तिच्यात ठेवला जातो. तिचा आकार साधारणपणे रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा जीबींहून थोडा जास्त असतो. ती हातानं पुसायची नसते.

सुरक्षित वाट

नियम सोपा आहे: विंडोजची फाइल विंडोजलाच पुसू द्या. फ्रँकफर्टमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर मेनू बहुधा जर्मन असतो, म्हणून तीच नावं देते. ‘आइनश्टेलुंगन’मध्ये ‘सिस्टेम’, मग ‘श्पायशर’ आणि शेवटी ‘टेम्पोरेअरे डाटायन’, म्हणजे तात्पुरत्या फाइली. इथे जुन्या अपडेटचे अवशेष, तात्पुरत्या फाइली आणि लघुचित्रं निर्धास्तपणे निवडा. विंडोजची आधीची आवृत्ती यादीत असेल, तर तीही बरीच जागा देते. मात्र ती गेली की मागे फिरता येत नाही. तशीही विंडोज ती साधारण दहा दिवसांनी आपणहून काढते.

दोन सापळे

याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. तिथे खूण करण्याआधी थांबा. आनमेल्डुंगचा कागद, भाडेकरार, पगारपत्रकं, आईनं पाठवलेले जुने फोटो हे सगळं बहुतेकांचं तिथेच पडलेलं असतं. इथून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही. जुन्या हार्ड डिस्कवर फक्त नोंद पुसली जायची, मजकूर बराच काळ टिकायचा आणि परत मिळण्याची आशा असायची. आजच्या एसएसडीला विंडोज ‘ट्रिम’ या सूचनेनं कळवते, की हे कप्पे आता रिकामे समज. एसएसडीला लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, त्यामुळे ती असे कप्पे आधीच साफ करून ठेवते. मग फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य.

दुसरा सापळा वनड्राइव्हचा. त्याच्या फोल्डरमधली फाइल पुसली, की क्लाउडमधूनही आणि जोडलेल्या प्रत्येक मशीनवरूनही जाते. वैयक्तिक खात्यात ती वनड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल, तर फाइलवर उजवी क्लिक करून ‘श्पायशरप्लाट्स फ्रायगेबन’ निवडा. नाव लॅपटॉपवर राहतं, मजकूर क्लाउडमध्ये.

क्रम असा ठेवा

आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहा. मग तात्पुरत्या फाइली काढा. त्यानंतर न वापरलेले प्रोग्रॅम त्यांच्या रीतसर मार्गानं काढून टाका. व्हिडिओ सगळ्यात शेवटी हलवा, कारण खरी जागा बहुधा तेच खातात. ‘एका क्लिकमध्ये सफाई’ करणारी बाहेरची सॉफ्टवेअर मात्र टाळा. विंडोजचं स्वतःचं साधन पुरेसं आहे.